यंत्र मोठें कीं आज्ञावली?

साधनाचा गौरव व्हावा आणि साधकाचा विसर पडावा, हा प्रकार जगांत जुनाच आहे. महासंगणकांच्या वेगाचीं वर्णनें वाचतांना आम्हांस हाच विचार सुचतो.

अमेरिकेंत टेनेसी राज्यांतील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत 'जॅग्वार' नांवाचा महासंगणक होता. २०१२ सालीं त्याचाच 'टायटन' करण्यांत आला. कपाटें तींच २०० राहिलीं, वीज सुमारें ७ मेगावॅटांवरून ८ वर गेली; वेग मात्र दहापट झाला!

हें साधलें कसें? टायटनच्या १८,६८८ भागांपैकीं प्रत्येकांत दोन जातींचे प्रोसेसर होते: एक नेहमींचा, दुसरा मूळ पडद्यावरील चित्रांकरितां निघालेला ग्राफिक्स प्रोसेसर. मंगलकार्यांतील मुदपाकखाना डोळ्यांपुढें आणावा. आधीं काय, मागून काय, हें मुख्य आचारी ठरवितो. पुऱ्या लाटावयास मात्र पन्नास हात लागतात, आणि त्या सर्वांची क्रिया एकच असते. पहिला प्रोसेसर आचाऱ्यासारखा, दुसरा त्या पन्नास हातांसारखा. अशा मिश्र रचनेनें थोड्या विजेंत पुष्कळ गणित होतें.

पण खरी अडचण पुढेंच आहे. जुनी आज्ञावली एकट्या आचाऱ्यासाठीं लिहिलेली असते. तींतील कोणतें काम एकाच वेळीं अनेकांस वांटतां येईल व कोणतें क्रमानेंच झालें पाहिजे, हें निवडून ती नव्यानें रचावी लागते. जीन अम्डाल यांनीं १९६७ सालींच येथील मर्यादा दाखविली. शंभर तासांच्या कामांत पांच तास क्रमानेंच जाणारे असतील, तर बाकीचें काम अगणित हातांवर सोपवूनही एकंदर वेग वीसपटीपलीकडे जात नाहीं. शिवाय कोठींतून पीठ वेळेवर न आल्यास लाटणारे हात रिकामेच. दोन प्रोसेसरांमधील माहितीची ने-आण ही तशीच कोठीची फेरी होय.

म्हणून टायटन उभा राहण्यापूर्वींच ज्वलन, हवामान, अणुभट्टी इत्यादि विषयांच्या आज्ञावल्या सुधारावयास तज्ज्ञ बसले. २०१९ सालीं टायटन सेवेंतून निघाला. तेथेंच २०२२ सालीं 'फ्रंटियर'नें सेकंदास एकावर अठरा शून्यें इतक्या गणितक्रियांची मजल गांठली. 'लीलावती'ची संख्यामालिका परार्धाशीं, म्हणजे सतरा शून्यांशीं थांबते. ही संख्या त्याच्या दहापट! पदार्थांतील चुंबकत्वाचें गणित करणारी 'एलएसएमएस' ही आज्ञावली मात्र टायटनसाठीं तयार झाली होती, तीच पुढें फ्रंटियरसाठींही सज्ज करण्यांत आली. यंत्र सात वर्षांत जीर्ण झालें. बुद्धीचें काम टिकलें.

आमच्या पुण्यांतही १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली, १९९१ सालीं 'परम ८०००' तयार झाला, आणि २०१३ सालीं मिश्र जातीचा 'परम युवा २' आला. यंत्रें आलीं, त्यांस योग्य काम लावणारीं माणसें घराघरांतूनच निपजावयाचीं आहेत. तेव्हां घरांतील मुलगा किंवा मुलगी 'मी जुनी आज्ञावली नव्यानें रचतें आहे' असें सांगेल, तर वडील मंडळींनीं तें कारकुनी काम समजूं नये. ग्रंथ रचणाऱ्याइतकाच त्याचा अर्थ लावणारा भाष्यकारही आपल्याकडे वंद्य मानला आहे. तोच मान या कामासही द्यावा.