खाऱ्या पाण्यातील टँग मासे आणि त्यांची निगा

लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवर चपट्या, निळसर माशांचे थवे शेवाळ खुडीत हिंडत असतात. अंग फिकट निळे, तोंड काळे, गळा पांढरा आणि पाठीवरील पर पिवळाधमक, असा हा मासा होय. इंग्रजीत त्यास 'पावडर ब्लू टँग' म्हणतात. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंस शस्त्रवैद्याच्या सुरीसारखा एकेक धारदार काटा असल्यामुळे या कुळास शस्त्रवैद्य माशांचे कुळ असेही नाव पडले आहे. त्याच्या रूपावर भाळून पुष्कळ हौशी लोक तो घरी आणतात. परंतु अनेकदा थोड्याच आठवड्यांत तो दगावतो, आणि असे का झाले हे धन्यास बहुधा उमगत नाही.

या माशाच्या नाजूकपणाचे एक कारण त्याच्या मूळ राहणीत सापडते. खडकावर लाटा सतत फुटत असल्याने तेथील पाण्यात प्राणवायू विपुल असतो. मासा दिवसभर पोहतो व दिवसभर चरतो. म्हणून पूर्ण वाढीच्या माशास निदान १८० सेंटिमीटर लांबीची, सुमारे ५०० लिटर पाण्याची टाकी हवी. पाणी खेळते असावे, उष्णता २४ ते २७ अंश सेंटिग्रेड राखावी आणि लिटरमागे क्षार सुमारे ३५ ग्रॅम असावेत. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया त्यांनाच विषारी असतो. खडकांवर व वाळूत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर पुष्कळच कमी अपायकारक असे नायट्रेट बनवितात. या जीवाणूंची वसाहत जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँग आणूच नये.

तथापि या माशाचा खरा वैरी निराळाच आहे. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परोपजीवी त्याच्या त्वचेत व कल्ल्यांत शिरतो आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात. तीन ते सात दिवसांत हे ठिपके नाहीसे होतात. मासा बरा झाला, असा समज होतो तो येथेच! वस्तुतः परोपजीवी पोसून खाली उतरलेला असतो. तळाशी तो कोष करून राहतो व आत विभागत जातो. एका कोषातून शेकडो पिले बाहेर पडतात. समुद्राच्या अफाट पाण्यात त्यांतील बहुतेकांना मासा सापडत नाही व ती एक-दोन दिवसांत मरतात. टाकीत मात्र भक्ष्य समोरच असते. म्हणून दुसरा हल्ला पहिल्याहून भयंकर होतो, व कल्ले निकामी होऊन मासा गुदमरतो.

ताम्रयुक्त औषध केवळ पोहणाऱ्या पिलांना मारते. त्वचेतील परोपजीवीस वा कोषास ते पोहोचत नाही. शिवाय प्रवाळ, कोळंबी व शंखवर्गीय प्राणी त्याने मरतात, म्हणून ते मुख्य टाकीत कधीही घालू नये. त्यापेक्षा प्रत्येक नवा मासा आरंभी वेगळ्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवावा. दर तीन दिवसांनी त्यास नव्या खाऱ्या पाण्याच्या स्वच्छ टाकीत हलवावे, आणि जुनी टाकी धुऊन पूर्ण वाळवावी. असे चार वेळा केले असता कोष मागे राहतात व मासा मोकळा होतो. मुख्य टाकीत रोग शिरलाच असेल, तर सर्व मासे बाहेर काढून ती अकरा आठवडे मत्स्यहीन ठेवावी लागते. कारण काही कोष ७२ दिवसांपर्यंत तग धरतात.

अन्नाविषयी फार सांगावयास नको. मुख्य आहार सागरी शेवाळाचा असावा. जपानी लोक खातात ते वाळविलेले नोरी चालते, मात्र त्यास तेल-मसाला लावलेला नसावा. त्याचे पान टाकीत अडकवून ठेवले म्हणजे मासा मनास येईल तेव्हा कुरतडतो. पोट खपाटीस गेलेला मासा विकत घेऊ नये.

एका टाकीत या जातीचा एकच मासा ठेवावा. अपुऱ्या जागेत दोघे एकमेकांस काट्याने जखमी करतात. मासा हलविताना जाळे वापरू नये. काटा जाळ्यात अडकतो व सोडविताना त्वचा फाटते. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी पाण्यात आडवी धरून त्यास सावकाश तीत शिरू द्यावे.