गाडीची ग्रिप न फाडता कशी काढावी?

ग्रिप सैल झाली की बरेच जण ब्लेड चालवतात. ग्रिप फाटतेच, हीटरवाली असेल तर आतली तारही तुटते.

आधी हँडलच्या टोकाचं वजन काढा. बोथट, पातळ पेचकस ग्रिपखाली सरकवून साबणाचं पाणी सोडा, पिळत ओढा. हीटरवालीचं कनेक्शन आधी सोडवा, तारेच्या बाजूला पेचकस घालू नका.

बसवताना ऑइल-ग्रीस नको, ते सुकत नाही. ग्रिप हातात फिरते. साबणाच्या पाण्यावर बसवून रात्रभर सुकू द्या.

उजवी ग्रिप स्विचच्या डब्याला घासली तर रेस अडकते. गाडी बंद ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, रेस पिळून सोडा. झटकन मागे आली तरच गाडी रस्त्यावर काढा. समोर उसाची ट्रॉली असताना अडकलेली रेस जिवावर बेतते.