जाडजूड पुस्तक आणि शेवटची जिप्सी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पात, मोहर्लीच्या गेटवर पहाटेच जिप्स्या रांगेला लागतात. गाईड आपापल्या गाडीशी येतो, यादीतली नावं ओळखपत्रांशी ताडून बघितली जातात आणि फाटक उघडलं की गाड्या एकामागून एक जंगलात शिरतात. ताडोब्यात मंगळवारी सफारी बंद, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद आणि एरवीही एका फेरीला एका गेटातून ठरावीकच गाड्या. २०१२ साली गाभा क्षेत्रातल्या पर्यटनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि जंगलाला किती गाड्या झेपतील हे बघूनच आकडा ठरवायचा, हे पक्कं झालं. प्रकल्पाचं क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर, पण मोहर्लीच्या गेटावर जागा मोजक्याच.

या जागा आता घरबसल्या, ऑनलाइन आरक्षित होतात. समजा, दिवाळीच्या सुट्टीतली शेवटची जिप्सी उरली आहे. मुंबईतलं एक कुटुंब आणि हैदराबादमधलं दुसरं, दोघं एकाच क्षणी बटण दाबतात. ती एकालाच मिळाली पाहिजे. दुसऱ्याला तसं लगेच कळलं पाहिजे. आणि ज्याला मिळाली त्याच्याच खात्यातून पैसे गेले पाहिजेत. संगणकाकडून एवढं बिनचूक करून घेण्याचा एक अख्खा धंदा आहे. त्याला ‘एंटरप्राइज वेब ॲप्लिकेशन’ असं भारदस्त नाव पडलं. बँक, रेल्वे, विद्यापीठाचे निकाल, विम्याचे दावे, सगळं त्यातच आलं. विदर्भातल्या एका पिढीनं हे काम कॉलेजच्या वर्गापेक्षा जाडजूड पुस्तकांतून जास्त शिकून घेतलं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली ती पुस्तकं आज पुन्हा चाळून बघण्यासारखी आहेत.

सुरुवात नागपुरातच सापडते, मोहर्लीपासून एका दिवसात जाऊन परत यावं इतक्या अंतरावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनानं काढलं. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून इंजिनिअर होऊन कानपूर आयआयटीतून एम. टेक. केलेल्या या माणसानं पुस्तकाची पहिली उडी अगदी छोटी ठेवली. वाचकाकडून तो पहिल्यांदा सरळव्याज काढून घेतो. सातवी-आठवीच्या गणितातलं उदाहरण, म्हणून मुलाला फक्त भाषा शिकायची उरते, गणित नाही. प्रकरण संपलं की पुढे ‘याचं उत्तर काय येईल’ आणि ‘यात चूक कुठे आहे’ असे प्रश्न. चूक शोधायला लावणं ही त्या पुस्तकाची खरी ताकद होती. मराठी शाळेतून आलेल्या, इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या मुलालाही त्याची छोटी वाक्यं पेलायची. देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर, ते पुस्तक उघडं असायचं. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली सुरू झालं. तेव्हाची बॅच आणि हे पुस्तक एकाच काळातले.

पण सी येणं आणि वेबवर चालणारी मोठी व्यवस्था उभी करता येणं यांत मोठी दरी होती. सन मायक्रोसिस्टिम्सनं जावा ही भाषा जाहीर केली १९९५ साली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मग सर्व्हलेट आले, जेएसपी आलं, आणि १९९९च्या डिसेंबरात या सगळ्यांची मोट बांधून ‘जे टू ईई’ नावाचं प्रकरण बाजारात आलं. त्यावरची परदेशी पुस्तकं स्वस्त कागदावरच्या भारतीय आवृत्त्यांच्या रूपानं नागपुरात सीताबर्डीला, पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळू लागली. ‘सॅम्स टीच युवरसेल्फ’ या मालेत २००२ साली ‘जे टू ईई इन ट्वेंटीवन डेज’ निघालं. एकवीस दिवसांत एकवीस धडे. मुंबईचे आयव्हन बेरॉस ‘वेब एनेबल्ड कमर्शियल ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ या लांबलचक नावाची पुस्तकं लिहीत होते. पुढे त्यांनी आणि शरणम शहा यांनी सहलेखकांबरोबर ‘जावा ईई फाइव्ह फॉर बिगिनर्स’ काढलं. आपल्याकडच्या वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांत प्रत्येक पडद्याचं चित्र आणि प्रत्येक ओळीचा अर्थ दिलेला असायचा. पुस्तकी पंडितांनी त्यावर नाकं मुरडली असतील, पण शेजारी विचारायला कुणीच नसलेल्या मुलासाठी तो तपशील म्हणजे मास्तर होता.

अशा अनेक पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याला एक सीडी चिकटवलेली असे. आज तिची किंमत कळणं अवघड आहे. टेलिफोनच्या तारेवरून जावाची एवढी मोठी फाईल उतरवायची म्हणजे रात्र जायची, आणि मध्येच फोन वाजला की पहिल्यापासून सुरुवात. सीडी असली की काम सुरू. पुस्तकाची जुनी प्रत घेताना माणसं आधी मागचं पाकीट चाचपून बघत.

सीडीनंतरचा अडथळा म्हणजे क्लासपाथ. जावाला आपल्या फायली कुठे ठेवल्या आहेत ते एका ओळीत सांगावं लागतं. त्या ओळीत एक अर्धविराम चुकला, एक फोल्डर राहिलं, की पडद्यावर ‘क्लास सापडला नाही’ असा संदेश. टॉमकॅट नावाचा सर्व्हर ८०८० या पोर्टवर सुरू करायचा, ब्राउझर उघडायचा आणि आकडा बघायचा: ४०४. म्हणजे पान सापडलं नाही. पहिल्या धड्याला लेखकानं एक दिवस दिलेला असे, वाचकाचा आठवडा जाई. त्यात भारनियमन. मोहर्लीलगतच्या इरई धरणाचं पाणी चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राला जातं, तिथली वीज राज्यभर जाते, आणि त्याच जिल्ह्यातल्या गावांनी तासन्‌तासांचं लोडशेडिंग सोसलं. साठवायच्या आत लाईट गेली की लिहिलेला कोड गेला. अशा वेळी छापील पुस्तक मात्र उघडंच राहायचं. कंदिलाच्या उजेडात पुढचा धडा वाचता यायचा, वहीत कोड लिहून ठेवता यायचा. वीज आल्यावर वहीतून मशीनमध्ये उतरवलेला कोड माणसाला जास्त पक्का कळतो, कारण तो त्यानं दोनदा लिहिलेला असतो.

या पुस्तकांनी नेमकं काय शिकवलं, ते मोहर्लीच्या उदाहरणावरूनच बघू. सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरवर बसलेला खिडकीवाला कारकून. नवशिक्याला वाटतं, येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी वेगळा कारकून असेल. तसं नसतं. कारकून एकच, तो एकाच वेळी शंभर जणांशी बोलतो. आता त्यानं पर्यटकाचं नाव टेबलावरच्या एकाच पाटीवर लिहायचं ठरवलं, तर? पहिल्याचं नाव लिहितो न लिहितो तोच दुसऱ्याचं त्यावर लिहिलं जातं आणि पहिल्याच्या तिकिटावर भलत्याचंच नाव छापून येतं. कोडच्या भाषेत, वर्गाच्या पातळीवर ठेवलेलं चल सगळ्या वापरकर्त्यांत वाटलं जातं. घरी एकट्यानं तपासताना हा दोष कधीच दिसत नाही, कारण तेव्हा रांगेत एकच माणूस असतो. चांगलं पुस्तक ही चूक वाचकाकडून मुद्दाम करवून घेई, दोन ब्राउझर एकदम उघडायला लावी, आणि मगच ती दुरुस्त करायला सांगे.

दुसरी गोष्ट स्मरणाची. वेबचा मूळ स्वभाव विसरभोळा. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की आधी कोण आलं होतं हे सर्व्हरला आठवत नाही. म्हणून येणाऱ्याच्या हातात एक टोकन द्यायचं, ‘सेशन’ ठेवायचं. तारीख निवडली, गेट निवडलं, नावं भरली, हे सगळं त्या टोकनाच्या आधारानं लक्षात राहतं.

तिसरी आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे ट्रान्झॅक्शन. मराठीत तिच्यासाठी ‘व्यवहार’ हा शब्द आधीपासून आहे आणि तो अगदी चपखल बसतो. पैसे दिले, माल घेतला, व्यवहार झाला. माल नाही मिळाला, पैसे परत, व्यवहार झालाच नाही. मधली अर्धवट अवस्था नको. १९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी अशा व्यवहाराचे चार गुण एकत्र मांडून त्यांना ‘ॲसिड’ हे नाव दिलं. पण चार गुण पाठ करून काही कळत नाही, उदाहरण करून बघावं लागतं. मुंबईच्या कुटुंबासाठी प्रोग्रामनं शिल्लक वाचली: एक. त्याच वेळी हैदराबादसाठी वाचली: एक. दोघांनीही एक वजा केला, दोघांनीही शून्य लिहिलं. नोंदवहीत सगळं ठीक, आणि पहाटे गेटवर एका जिप्सीसमोर दोन कुटुंबं उभी. हे टाळायचं तर एक तर वाचतानाच ती नोंद कुलूपबंद करायची, नाही तर लिहिताना विचारायचं: मी वाचली तेव्हा होती तशीच ही नोंद आहे ना? नसेल तर मागे फिर. एवढं एक प्रकरण ज्यानं हातानं करून बघितलं, त्याला बँकेत, रेल्वेत, दवाखान्यात कुठेही बसवा, तो शेवटच्या जागेचा प्रश्न आधी विचारतो. एकवीस दिवसांतले बाकीचे वीस विसरले तरी चालतील, असं हे प्रकरण.

बाकीच्यात विसरण्यासारखंही पुष्कळ होतं. ‘एंटरप्राइज जावाबीन’ या भागानं तर वाचकांचा घाम काढला. साधी एक नोंद वाचायची म्हटलं तरी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, मुख्य वर्ग आणि वर एक्सएमएलची एक फाईल. एका कामाला चार कागद. धडा अर्धवट टाकलेल्या कितीतरी जणांना वाटलं, आपल्याच डोक्यात उतरत नाही. खरं तर बांधणीच अवजड होती, आणि हे सांगण्याचं धाडसही एका पुस्तकानंच केलं.

रॉड जॉन्सन हा सिडनीत शिकलेला माणूस, संगीतशास्त्रात पीएच. डी. त्याचं ‘एक्स्पर्ट वन-ऑन-वन जे टू ईई डिझाइन अँड डेव्हलपमेंट’ २००२ साली आलं. पुस्तकाबरोबर त्यानं सुमारे तीस हजार ओळींचा कोड दिला आणि दाखवलं की बहुतेक कामं त्या अवजड साच्याशिवाय होतात. युर्गन ह्योलर आणि यान कारोफ या दोन वाचकांनी तो कोड सगळ्यांसाठी खुला करून वाढवायचा आग्रह धरला. कारोफनं नाव सुचवलं, ‘स्प्रिंग’. २००४च्या मार्चमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि जावात काम करणारं जग हळूहळू त्याच्याकडे वळलं. पुस्तकाच्या जोडीला दिलेला उदाहरणाचा कोड वाचकांनी उचलून धरावा आणि तोच उद्योगाचा पाया व्हावा, ही प्रोग्रामिंगच्या इतिहासातली फार देखणी घटना आहे.

मराठी माणसांच्या नावावरही या विषयात एक भरीव पुस्तक आहे. मूळचे सोलापूरचे, आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअर झालेले अच्युत गोडबोले आणि पुण्याचे अतुल कहाते यांनी मिळून ‘वेब टेक्नॉलॉजीज’ लिहिलं. तारेवरून जाणाऱ्या पाकिटापासून वेबवरच्या पूर्ण व्यवस्थेपर्यंत सगळा रस्ता ते एका सलग गोष्टीसारखा सांगतं. गोडबोल्यांनी पुढे मराठीत विज्ञानापासून अर्थशास्त्रापर्यंत लिहिलं, ते हजारो घरांत पोचलं. हे पुस्तक मात्र इंग्रजीत. इथे एक खंत नोंदवायलाच हवी. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानं तालुक्यातालुक्यांत संगणकाची पहिली पायरी मराठीतून चढवली. गडचिरोलीतल्या मुलांनीही माऊस मराठीतून धरला. पण पुढच्या पायऱ्यांवर त्यांना इंग्रजीच हाती घ्यावी लागली. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आलं, पदवी जवळ आली, तरी सर्व्हलेट आणि व्यवहार मायबोलीत समजावणारा मास्तर दूरच राहिला. हे काम व्हायला हवं होतं आणि अजूनही होऊ शकतं.

दरम्यान जुन्या पुस्तकांखालची जमीन सरकली. २०१० साली ओरॅकलनं सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली. ‘जे टू ईई’चं नाव तोवर ‘जावा ईई’ झालं होतं; २०१७ साली ती एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी तिचं नाव ‘जकार्ता ईई’ झालं. २०२०च्या अखेरीस कोडमधली नावंही बदलली: ‘जावाएक्स’नं सुरू होणारे पॅकेज ‘जकार्ता’नं सुरू होऊ लागले. म्हणून २००४ साली सीताबर्डीवरून आणलेलं पुस्तक आज टॉमकॅटच्या नव्या आवृत्तीसमोर उघडलं, तर त्यातलं पहिलंच सर्व्हलेट पहिल्याच ओळीला अडतं.

ती ओळ बदलली की मात्र पुढचा धडा चालतो. दोन ब्राउझर उघडायचे, शिल्लक एक ठेवायची आणि दोन्हीकडे एकदम बटण दाबायचं. एकीकडे ‘आरक्षण झाले’ दिसतं, दुसरीकडे ‘जागा शिल्लक नाही’. आणि मोहर्लीच्या गेटवर दिवस उजाडताना शेवटच्या जिप्सीत एकच कुटुंब चढतं.