घरगुती संगणक : चित्र, तार आणि टंचाई

संगणक म्हणजे मोठ्या कचेऱ्यांत आणि संशोधनसंस्थांत, वातानुकूलित खोलीत ठेवावयाचे यंत्र, ही समजूत १९७७ पासून मागे पडू लागली. ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन छोटे संगणक त्याच वर्षी अमेरिकेत विक्रीस आले आणि सामान्य कुटुंबाच्या टेबलावर जाऊन बसले. पुढील वीस वर्षांत या घरगुती संगणकांसाठी चित्रे काढणाऱ्या आणि दूरध्वनीच्या तारेवरून माहिती आणणाऱ्या आज्ञावल्यांचा पूरच लोटला. संगणकविषयक मासिकांतून त्यांची परीक्षणे प्रसिद्ध होत. किती रंग, किती कुंचले, किती अक्षरवळणे यांची यादी अशा परीक्षणांत मोठी असे. घरी संगणक वापरणाऱ्याची अडचण मात्र निराळी होती. त्याच्यापाशी स्मृती थोडी, तार बारीक आणि पैसा मोजका. ही तिहेरी टंचाई ओळखून ज्या आज्ञावल्या रचल्या गेल्या, त्याच त्याच्या खऱ्या उपयोगी पडल्या. नव्या आज्ञावलीचे मोल ठरविताना रंगांच्या यादीपेक्षा ही कसोटीच अधिक विश्वासार्ह होती, असे आज मागे वळून पाहता दिसते.

मोजक्या स्मृतीतील चित्र

संगणकाच्या पडद्यावरील चित्र म्हणजे वस्तुतः बारीक ठिपक्यांची रांगोळी होय. प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा, हे यंत्राला लक्षात ठेवावे लागते आणि त्यासाठी स्मृती खर्ची पडते. इंग्लंडमध्ये १९८२ साली आलेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या स्वस्त संगणकाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याचा पडदा आडवा २५६ आणि उभा १९२ ठिपक्यांचा होता, म्हणजे एकूण ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला सोळांपैकी कोणताही रंग देण्याची मुभा ठेवली असती, तर एका चित्रासाठीच २४,५७६ बाइट लागले असते. आणि यंत्राची सारी स्मृती होती ४८ किलोबाइट. म्हणजे निम्मी स्मृती केवळ पडद्यापायी गेली असती.

रचनाकारांनी त्यावर तोड काढली. ठिपका चालू की बंद एवढेच प्रत्येक ठिपक्यापुरते लक्षात ठेवावयाचे, आणि रंग मात्र आठ-बाय-आठ ठिपक्यांच्या चौकोनागणिक फक्त दोन. अशा ७६८ चौकोनांसह संपूर्ण पडदा ६,९१२ बाइटांत बसला. काटकसर उत्तम साधली, पण चित्रकाराची पंचाईत झाली. निळ्या आकाशात लाल पतंग काढावा आणि त्याच चौकोनात झाडाचे हिरवे पान यावे, की तिसऱ्या रंगाला जागाच उरत नसे आणि आधीचे रंग बदलून जात. अशा यंत्रावर चौकोनांच्या सीमा पडद्यावर दाखवणारी आणि एकेक ठिपका मोठा करून रंगवू देणारी आज्ञावली ही वर्तुळे नि त्रिकोण झटपट काढणाऱ्या आज्ञावलीपेक्षा कितीतरी अधिक कामाची होती. हा संगणक भारतीय घरांनाही अगदीच अपरिचित राहिला नाही; डेसिबेल्स या कंपनीने त्याची पुढील आवृत्ती परवान्याने भारतात बाजारात आणली.

जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिन्टॉशने रंगांचा मोहच सोडला. काळा आणि पांढरा एवढे दोनच. पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा असूनही त्यामुळे चित्र सुमारे २२ हजार बाइटांत मावले. बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेली मॅकपेंट ही आज्ञावली या संगणकासोबतच मिळे. हाताशी धरलेला ‘माउस’ फिरवून रेघ ओढावयाची, फास टाकल्याप्रमाणे चित्राचा एखादा भाग वेढून उचलावयाचा, रंगाची बादली ओतून आकृती भरावयाची, ठिपके मोठे करून दुरुस्ती करावयाची, या ज्या सोयी आज सर्वत्र गृहीत धरल्या जातात त्या हजारो घरांत प्रथम पोहोचल्या त्या मॅकपेंटमधून. चित्र साठवतानाही तिने शहाणपण दाखविले. एका ओळीत एकाच तऱ्हेचे ठिपके सलग आले, तर ते पुन्हा पुन्हा न लिहिता ‘अमुक इतके पांढरे’ एवढीच नोंद ती करी. या आज्ञावलीची मूळ संहिता कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने २०१० मध्ये अभ्यासासाठी खुली केली.

रंगांची खरी चैन आणली ती १९८५ च्या अमिगा संगणकाने. ४,०९६ छटांमधून ३२ निवडावयाच्या आणि त्यांत चित्र काढावयाचे. डॅन सिल्व्हा यांची डीलक्स पेंट ही आज्ञावली त्याच वर्षी आली. एकाच चित्रातील रंगांची क्रमवार अदलाबदल करून तिच्यात धबधबा वाहता ठेवता येई किंवा ज्योत हलती दाखवता येई. एकही ठिपका नव्याने काढावा लागत नसे. बदलत असे ती फक्त ३२ रंगांची छोटी यादी.

एक बाब मात्र त्या काळच्या परीक्षकांच्या नजरेतून बहुधा सुटली. चित्र ज्या स्वरूपात साठवले जाते, ते स्वरूप इतरांना ठाऊक आहे काय? डीलक्स पेंटच्या प्रकाशकांनी कमोडोर कंपनीच्या सहकार्याने चित्रसाठवणीचे एक स्वरूप ठरविले आणि ते सर्वांसाठी जाहीर केले. त्यामुळे एका आज्ञावलीतील चित्र दुसरीत उघडू लागले. उलट बाजूचे उदाहरण सुप्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल यांचे. १९८५ मध्ये अमिगाच्या प्रकाशनसमारंभात त्यांनी व्यासपीठावर संगणकाच्या साहाय्याने चित्र रंगवून दाखविले होते, आणि त्यानंतरही त्यांनी या यंत्रावर प्रयोग केले. ती चित्रे ज्या तबकड्यांवर होती त्या पिट्सबर्ग येथील संग्रहालयात अनेक वर्षे पडून राहिल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळाने त्या वाचून काढल्या आणि २०१४ मध्ये चित्रे जगापुढे आली. तबकड्या शाबूत होत्या. पण काही फाइलींचे स्वरूपच कोणास ठाऊक नसल्याने ते उलट्या दिशेने उलगडत जावे लागले.

तारेवरचा हिशेब

चित्र काढणे वेगळे आणि ते तारेवरून धाडणे वेगळे. संगणकाचे संकेत दूरध्वनीच्या तारेला मानवतील अशा ध्वनीत बदलणारे उपकरण म्हणजे मोडेम. प्रारंभीचे घरगुती मोडेम सेकंदास ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० अक्षरे नेत. २५६ रंगांतील ३२० बाय २०० ठिपक्यांचे चित्र ६४ हजार बाइटांचे होते. ते या वेगाने आणावयास पस्तीस मिनिटे लागली असती. सेकंदास २,४०० बिटांच्या मोडेमवर साडेचार मिनिटे. १४,४०० च्या मोडेमवर पाऊण मिनिट. एवढा वेळ दूरध्वनी अडकून पडे आणि जोडणीचे शुल्क तासांच्या हिशेबाने चढत जाई.

या अडचणीवर १९८५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या क्वांटम लिंक या सेवेने काढलेला तोडगा विशेष होता. कमोडोर-६४ च्या वापरकर्त्यांसाठी ती होती. चित्रे आणि पडद्यावरील सजावट ग्राहकाच्या घरच्या तबकडीवरच देऊन ठेवावयाची आणि तारेवरून फक्त ‘कोणते चित्र, कोठे’ एवढा संकेत पाठवावयाचा. याच सेवेवर लुकासफिल्मने हॅबिटॅट नावाची काल्पनिक नगरी उभी केली. तिच्यात ग्राहकांची चित्ररूपे एकमेकांशी बोलत, वस्तूंची देवघेव करीत, आणि हे सारे ३०० बिटांच्या वाटेवरून चाले! हीच सेवा चालविणारी कंपनी पुढे अमेरिका ऑनलाइन या नावाने प्रसिद्धीस आली.

कॉम्प्युसर्व्ह या दुसऱ्या सेवेने १५ जून १९८७ रोजी ‘जिफ’ हे चित्रस्वरूप जाहीर केले. २५६ पर्यंत रंग, आणि चित्रातील पुनरावृत्त आकृतिबंध हेरून त्यांना छोटे संकेत देणारी आकुंचनपद्धती. ॲपल असो, अमिगा असो वा आयबीएम, कोणत्याही यंत्रावर तेच चित्र उघडे. शिवाय चित्राच्या ओळी टप्प्याटप्प्याने पाठविण्याची सोय होती. धूसर चित्र आधी दिसे, नको असल्यास ग्राहक तेथेच थांबू शके. तारेचा खर्च वाचविणारी याहून साधी युक्ती सापडणे कठीण.

तथापि या आकुंचनपद्धतीवर एकस्व होते. टेरी वेल्च यांनी ती १९८४ मध्ये प्रसिद्ध केली होती आणि तिचे हक्क पुढे युनिसिस कंपनीकडे आले. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जिफ चित्रे हाताळणाऱ्या आज्ञावल्यांच्या निर्मात्यांनी परवाना घ्यावा, असे जाहीर झाले. सात वर्षे विनामूल्य समजून वापरलेल्या स्वरूपाबाबत असे घडल्याने लहान निर्मात्यांत खळबळ उडाली. संगणकतज्ज्ञांच्या एका स्वयंस्फूर्त गटाने जानेवारी १९९५ पासून एकस्वमुक्त पर्याय घडवावयास घेतला, आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘पीएनजी’ या स्वरूपाला मान्यता मिळाली. त्याचे आकुंचन बहुधा अधिक चांगले आणि रंग लक्षावधी. अमेरिकेतील एकस्वाची मुदत २० जून २००३ रोजी संपली. तोवर पीएनजीने आपले स्थान पक्के केले होते.

मोझेक आणि कोरा मजकूर

चित्र आणि मजकूर एकाच पानावर शेजारी शेजारी दाखविणारी मोझेक ही आज्ञावली इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी १९९३ मध्ये सिद्ध केली. वर्षअखेरीपर्यंत ती विंडोज आणि मॅकिन्टॉशवरही आली. अमिगासाठीही तिची आवृत्ती निघाली. इंटरनेटचे सामान्य माणसाला झालेले पहिले दर्शन अनेकदा मोझेकच्याच खिडकीतून घडले. परंतु घरगुती वापरकर्त्याच्या कसोटीवर ती पूर्णपणे उतरली असे म्हणवत नाही. विद्यापीठाच्या वेगवान जोडणीवर वाढलेली ही आज्ञावली चित्रे येऊन पोहोचेपर्यंत वाचकाला तिष्ठत ठेवी. चित्रे बंद करण्याची सोय तिच्यात होती, हीच काय ती मोडेमधारकाची सुटका. डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपने मजकूर आधी आणि चित्रे मागाहून, असा क्रम लावला. घरगुती ग्राहकांनी तिला उचलून धरले, यात नवल नाही.

आणखी एक अडसर होता. त्या वेळच्या विंडोजमध्ये इंटरनेटशी बोलण्याची व्यवस्थाच नव्हती. ती उणीव टास्मानियातील पीटर टॅटम यांच्या ट्रम्पेट विनसॉक या छोट्या आज्ञावलीने भरून काढली. आधी वापरा, पटल्यास पैसे पाठवा, या तत्त्वावर ती दिली जाई. असंख्य लोकांनी ती वापरली. पैसे पाठविणारे त्या मानाने थोडे निघाले.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या महानगरांत सुरू केली. त्यानंतर नऊच दिवसांनी, इंटरनेटची व्यवस्था अंगभूत असलेली विंडोज-९५ अमेरिकेत बाजारात आली. येथील विद्यार्थ्यांसाठी स्वस्त जोडणी होती ती मात्र निव्वळ मजकुराची. तिच्यावर चित्रे येत नसत. कॅन्सस विद्यापीठात तयार झालेल्या लिंक्स यासारख्या, फक्त अक्षरे दाखविणाऱ्या आज्ञावलीतून जगाचे दर्शन घ्यावे लागे. सचित्र जोडणीचे दर बरेच अधिक होते. परदेशी मासिकांत नावाजलेली आज्ञावली मुंबईच्या विद्यार्थ्याला कशी वाटेल, हे तिच्या गुणांपेक्षा त्याच्या जोडणीच्या प्रकारावर ठरत असे.

देवनागरीचे चित्र

मराठी वापरकर्त्यापुढे याहून मूलभूत प्रश्न उभा होता. त्याची लिपीच यंत्राला अक्षरे म्हणून कळत नव्हती. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्र संगणकात बसवावयाच्या कार्डाच्या रूपाने देवनागरी पडद्यावर आणी. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून निश्चित झाली. परंतु दूरवरच्या ज्या वाचकाकडे ही साधने नाहीत, त्याला मराठी मजकूर धाडावयाचा कसा? एकतर प्रत्येक निर्मात्याचा निराळा टंक वाचकाने आधी उतरवून घ्यावयाचा, आणि तो नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक खच पाहावयाचा. किंवा मग मजकुराचे सरळ चित्रच करून पाठवावयाचे. १९९० च्या दशकातील कित्येक मराठी पाने अशी जिफ चित्रांच्या रूपात निघाली. इंग्रजी वाचकासाठी शोभेची असलेली चित्रआज्ञावली मराठी वाचकासाठी लिपीची वाहक ठरली.

तिची किंमत हिशेबाने पाहावी. सुमारे दोन हजार अक्षरांचे मराठी पान इस्कीमध्ये दोन हजार बाइटांच्या आसपास भरते. सेकंदास ९,६०० बिटांच्या जोडणीवर ते दोन सेकंदांत येते. तेच पान ६४० बाय ४८० ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र म्हणून ३८,४०० बाइटांचे होते. आकुंचनाने निम्मे केले तरी वीस सेकंद. विद्यार्थ्याच्या स्वस्त जोडणीवर तर ते दिसणारच नाही. युनिकोडमधील देवनागरी सामान्यपणे अक्षरास तीन बाइट घेते, तरीही ती चित्रापेक्षा स्वस्तच पडते.

युनिकोडच्या ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ संकेतांची जागा राखली होती. विंडोज-२००० मध्ये मंगल हा टंक अंतर्भूत होऊन घरगुती संगणकावर ती प्रत्यक्षात उतरली, आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा मजकुराचे चित्र करण्याची गरज राहिली नव्हती. त्यापूर्वीच्या चित्ररूप मराठी पानांपैकी जी जपली गेली आहेत, ती आजच्या कोणत्याही संगणकावर उघडतात आणि डोळ्यांनी वाचताही येतात. त्यांतील एखादा शब्द शोधावयाचा झाल्यास मात्र आधी प्रत्येक अक्षर यंत्राकडून ओळखून घ्यावे लागते.