मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख (अभ्यासक्रम)

मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील विज्ञान आश्रम या संस्थेने विकसित केलेला अभ्यासक्रम आहे. तो 'आयबीटी' या संक्षिप्त नावानेही ओळखला जातो. यंत्र व विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे प्रत्यक्ष कामातून समजावीत, हा त्याचा एक प्रमुख उद्देश होय.

पार्श्वभूमी

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी औद्योगिक संशोधनातील नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करीत शिकणे हीच शिकण्याची नैसर्गिक पद्धत आहे, असे त्यांचे मत होते. आश्रमातील प्रयोगांतून हा अभ्यासक्रम आकारास आला व पुढे ग्रामीण माध्यमिक शाळांत पोहोचला.

स्वरूप

अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग असतात. आठवड्यातील एक दिवस प्रात्यक्षिकांसाठी राखला जातो. शाळेला किंवा गावाला खरोखर लागणारी कामे विद्यार्थी करतात आणि साहित्य व मजुरी धरून त्यांचा खर्चही काढतात.

यंत्रकाम

मापन, कापणी, छिद्रण व वेल्डिंग ही यातील प्राथमिक कौशल्ये होत. चार पट्ट्यांची चौकट बाजूने ढकलल्यास तिचे कोन बदलतात व ती कलते. कर्णावर पाचवी पट्टी जोडली की दोन त्रिकोण तयार होऊन चौकट स्थिर राहते, कारण बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलत नाही. भूमितीतील एकरूपतेचा नियम येथे हाताला जाणवतो. पाबळ येथील त्रिकोणी सांगाड्याच्या घुमटाकार इमारती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

विद्युतकाम

घरगुती जोडणीत बटण फेज तारेवरच बसवावे लागते. ते न्यूट्रल तारेवर बसविल्यासही दिवा विझतो. मात्र होल्डरपर्यंत २३० व्होल्टचा दाब कायम राहतो आणि दिवा बदलणाऱ्यास प्राणघातक धक्का बसू शकतो. दिवा लागला म्हणजे जोडणी बरोबर झाली, असे नव्हे, हा धडा यातून मिळतो.

महत्त्व व मर्यादा

विज्ञानाच्या तासाला शिकलेले नियम या कामांत पडताळून पाहता येतात. तथापि साधनसामग्री, कुशल निदेशक व सुरक्षेची व्यवस्था नसल्यास प्रात्यक्षिके केवळ कागदावर राहण्याचा धोका असतो.