सूर्याचे ध्रुव उलटतायत, मग मोबाईल बंद ठेवायचा का?

‘सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटणार, रात्री मोबाईल बंद ठेवा’ असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. खुशाल चालू ठेवा. हे ध्रुव साधारण दर 11 वर्षांनी उलटतातच, आणि तेही एका रात्रीत नाही. महिनोन्‌महिने चालतं ते.

कारण मात्र मजेशीर आहे. सूर्य काही घट्ट गोळा नाही, तापलेला प्लाझ्मा आहे. त्याचं विषुववृत्त सुमारे 25 दिवसांत एक फेरी मारतं, ध्रुवांजवळ 35च्या आसपास दिवस लागतात. त्यामुळे आतल्या चुंबकीय रेषा ओढल्या जातात आणि खिशातल्या इअरफोनच्या वायरसारखा त्यांचा गुंता होतो. तो वर आला की तिथे सौरडाग दिसतात. डाग विरताना त्यांचं थोडं चुंबकत्व ध्रुवांकडे वाहत जातं, तिथलं जुनं पुसतं आणि उलटं भरतं. म्हणजे पुन्हा मूळ स्थितीत यायला 22 वर्षं!

काळजी करायचीच तर डाग भरपूर असतात त्या काळाची. मे 2024 मध्ये 2003 नंतरचं सर्वात तीव्र भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमधल्या हानलेहून आकाश लाल दिसलं. फोन कुणाचे जळाले नाहीत, पण अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडले. वातावरणाच्या वरच्या आयनोस्फिअर थरात खळबळ झाली की जीपीएसचा सिग्नल उशिरा पोहोचतो आणि जागा चुकते. नवीन फोन घेताना मी म्हणूनच ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस बघतो; दोन सिग्नलांच्या फरकावरून फोनला ही चूक बरीचशी काढता येते.

आणि हो, इस्रोच्या आदित्य-एल1 यानावरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवलीय. ती हेच डाग अतिनील प्रकाशात टिपते.