देशाचं सोनं गहाण पडलं तेव्हा

पाटल्या कापडात गुंडाळून घरातलं कुणी सराफाकडे निघालं, की मराठी घरात त्या दिवशी फारसं कुणी बोलत नाही. सोनं गहाण ठेवायची वेळ येणं म्हणजे दुसरे सगळे मार्ग संपणं. १९९१ मध्ये आपल्या देशावर हीच वेळ आली होती. आजी-आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल.

त्या वर्षी मे महिन्यात २० टन सोनं, पुन्हा विकत घेता येईल अशा बोलीवर, परदेशात विकलं गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोनं विमानाने लंडनला पाठवलं आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलरचं कर्ज उचललं. तिजोरीतलं परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं.

निमित्त झालं आखाती युद्धाचं. तेल महागलं, तिकडून येणारा पैसा आटला. पण घर आधीच पोखरलेलं होतं. १९८०च्या दशकात सरकार दरवर्षी मिळकतीपेक्षा जास्त खर्च करत होतं आणि फरक कर्जाने भागवत होतं. १९९०-९१ मध्ये केंद्राची ही तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास गेली होती.

तेव्हा पंतप्रधान झालेले नरसिंह राव हैदराबादकडचे. ह. ना. आपट्यांच्या कादंबरीचा तेलुगू अनुवाद केलेले आणि विदर्भातल्या रामटेकमधून खासदार राहिलेले. त्यांच्या सरकारने रुपयाची किंमत तीन दिवसांत दोनदा उतरवली. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. खत, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, सगळं महागलं. उधळपट्टी कुणाचीही असो, बिल शेतकऱ्याने आणि गृहिणीने भरलं. सोन्यावरचं कर्ज मात्र त्याच वर्षी फिटलं.

आज तशी वेळ दारात नाही. परकीय चलनाचा साठा ६०० अब्ज डॉलरच्या वर आहे. तरीही २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयात २४ पैसे कर्जाचे होते आणि खर्चाच्या रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजात जाणार होते. २००३ च्या कायद्याने तूट ३ टक्क्यांवर आणायचं ठरलं होतं. या अर्थसंकल्पातला अंदाज ४.४ टक्के होता.

कर्ज वाईटच असतं असं नाही. घर बांधायला काढलेलं कर्ज वेगळं आणि लग्नाच्या पंगतीसाठी काढलेलं वेगळं. रेल्वे, धरण, शाळा यांतून पुढे उत्पन्न उभं राहतं. निवडणुकीआधी वाटलेल्या पैशांतून क्वचितच. हे राज्यांनाही लागू आहे, पक्ष कोणताही असो.

आजचं कर्ज फेडायचं आहे ते आज विशीत असलेल्यांना. दर १ फेब्रुवारीला अर्थसंकल्पासोबत 'रुपया कुठून येतो, कुठे जातो' असं एक चित्र छापलं जातं. यंदा ते घरी सगळ्यांनी मिळून बघा. आणि मत मागायला कुणी दारात आलं, तर 'काय देणार?' याच्या जोडीला 'कुठून देणार?' हेही विचारा.